मुलांवरील अत्याचाराची माहिती कळवण्याचे कायदेशीर बंधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलावर अत्याचार झाल्याचे कानावर आले की आता कोणाला सांगायचे, हा प्रश्न शिक्षक, गृहपाल, डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका, समुपदेशक आणि नातेवाईक या सर्वांनाच पडतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा वरिष्ठांची परवानगी घेण्यात, कुटुंबाची समजूत काढण्यात किंवा संस्थेची बैठक बोलावण्यात शोधले जाते. कायद्याचे उत्तर वेगळे आहे : ज्याला कळले, त्याने स्वतः पोलिसांना कळवायचे. हे बंधन कुठून येते, कुठवर लागू होते आणि कळवल्यानंतर काय घडते, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. ती भारतातील कायद्याला धरून आहेत आणि उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील आहेत.

हे बंधन कोणत्या कायद्यात आहे?

मुख्यतः दोन कायद्यांत. पहिला, बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पॉक्सो. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे आणि १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला, मुलगा असो वा मुलगी, संरक्षण देतो. या कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे किंवा घडण्याची भीती ज्याला वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला (मुलांच्या प्रकरणांसाठी नेमलेल्या पोलिसांच्या पथकाला) किंवा स्थानिक पोलिसांना माहिती देणे बंधनकारक आहे. दुसरा, बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. सोडून दिलेली, हरवलेली किंवा निराधार मुले ज्याच्या ताब्यात येतात, त्याच्यावर हा कायदा माहिती देण्याची जबाबदारी टाकतो. दोन्ही बंधनांचा आवाका सारखा नाही. तो फरक घरातील मारहाणीविषयीच्या प्रश्नात स्पष्ट केला आहे.

मी शिक्षकही नाही आणि डॉक्टरही नाही, केवळ शेजारी आहे. मलाही हे लागू आहे का?

होय. कलम १९ मध्ये व्यवसायांची यादी नाही. शेजारी, रिक्षाचालक, शिकवणीचे सर, घरकामाला येणाऱ्या मावशी, मुलाचे आईवडील हे सर्व ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत येतात. पीडित मूल स्वतःही माहिती देऊ शकते. मात्र मुलाने माहिती दिली नाही, तर त्याला कधीही शिक्षा होत नाही.

मला खात्री नाही, केवळ संशय आहे. तरीही कळवावे का?

माहिती देणाऱ्याने गुन्हा सिद्ध करावा, अशी कायद्याची अपेक्षा नाही. सिद्ध करणे हे तपास अधिकाऱ्याचे आणि न्यायालयाचे काम आहे. मुलाने जे सांगितले, आपण जे पाहिले किंवा तपासणीत जे आढळले, ते तसेच्या तसे पोलिसांपर्यंत पोहोचवणे एवढेच आपले काम असते. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. केरळमधील एका रुग्णालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की कलम १९ ‘माहिती असलेल्या’ व्यक्तीवर जबाबदारी टाकते, आणि स्वतः चौकशी करून माहिती गोळा करण्याचे बंधन त्या व्यक्तीवर नाही. त्या प्रकरणातील मुलीचे वय रुग्णालयात १८ असे सांगण्यात आले होते. तेथील डॉक्टरांनी त्यापलीकडे जाऊन शोध घ्यायला हवा होता, हे न्यायालयाने मान्य केले नाही.

याचा अर्थ डोळे झाकून घ्यावेत असा मात्र नाही. मुलाने थेट सांगितले असेल, अल्पवयीन मुलगी गरोदर असल्याचे तपासणीत दिसले असेल किंवा जखमांचे स्वरूपच बोलके असेल, तर ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव टिकणे अवघड आहे. आपल्याला जे कळले आहे ते खरेच गुन्ह्याकडे बोट दाखवते का, याविषयी मनात शंका असेल, तर पोलीस ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याशी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी (मुलांच्या संरक्षणाचे काम पाहणाऱ्या जिल्ह्यातील सरकारी कार्यालयाशी) त्याच दिवशी बोलावे. खात्री करून घेण्यासाठी मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारणे मात्र कटाक्षाने टाळावे. वर्गशिक्षिका, मग पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक, मग संस्थाचालक अशा चौघांसमोर तीच हकिगत सांगायला लावल्याने मूल खचते, आणि पुढे न्यायालयात त्याच्या जबाबातील बारीकसारीक विसंगतींचा फायदा आरोपीला मिळतो.

मी मुख्याध्यापकांना सांगितले. माझी जबाबदारी संपली का?

संपली नाही. सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात, म्हणून हे उत्तर सविस्तर दिले आहे.

कलम १९ मध्ये माहिती कोणाला द्यायची हे नेमके सांगितले आहे : विशेष बाल पोलीस पथक किंवा स्थानिक पोलीस. मुख्याध्यापक, संस्थाचालक, प्रकल्प अधिकारी, वैद्यकीय अधीक्षक किंवा शाळेची तक्रार समिती यांचा त्यात उल्लेख नाही. वरिष्ठांना कळवणे हा कार्यालयीन शिस्तीचा भाग असू शकतो आणि अनेकदा तो आवश्यकही असतो, परंतु त्यामुळे कायद्याचे बंधन पूर्ण होत नाही. वरिष्ठांनी ‘आधी आपण आपल्या पातळीवर चौकशी करू’ असे म्हटले, म्हणून वाट पाहिली, हे कारण कायद्यात कुठेही मान्य केलेले नाही.

संस्थेची अंतर्गत चौकशी पोलिसांना माहिती दिल्यानंतर, तपासात अडथळा येणार नाही अशा रीतीने करता येते. आधी चौकशी आणि मग पोलीस, हा क्रम मात्र घातक ठरतो. त्या काळात आरोपीला सावध होण्यास वेळ मिळतो, वैद्यकीय पुरावा नष्ट होतो, सीसीटीव्हीचे चित्रीकरण पुसले जाते आणि मुलाच्या कुटुंबावर तडजोडीसाठी दबाव येऊ लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेतील दोन लहान मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने पॉक्सोखालील माहिती देण्याचे बंधन पाळले नसल्याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्तींवर माहिती न दिल्याबद्दल गुन्हाही नोंदवण्यात आला. त्याच महिन्यात शालेय शिक्षण विभागाने अशी घटना २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याची सूचना शाळांना दिली. ही सूचना योग्यच आहे, परंतु शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र म्हणजे पोलिसांना दिलेली खबर नव्हे. दोन्ही करायचे आहे, आणि आधी पोलिसांना कळवायचे आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील शाळेच्या वसतिगृहातील मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात तेथे उपचारासाठी नेमलेल्या डॉक्टरवर माहिती दडवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरील गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो आदेश फिरवला. गुन्ह्याची माहिती असूनही ती न देणे हा गंभीर अपराध आहे आणि बहुतेक वेळा ते गुन्हेगाराला पाठीशी घालण्यासारखे असते, असे न्यायालयाने म्हटले. आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या गृहपालांनी, अधीक्षकांनी आणि तेथे भेट देणाऱ्या डॉक्टरांनी हा निकाल समजून घेणे अगत्याचे आहे.

माहिती किती वेळात द्यायची?

कलम १९ मध्ये माहिती देणाऱ्यासाठी तासांची मुदत लिहिलेली नाही. मात्र विलंबाचे समाधानकारक कारण देता येईल, असा प्रसंग क्वचितच येतो. कळताक्षणी कळवावे, हाच सुरक्षित आणि योग्य अर्थ आहे. पोलिसांवर मात्र स्पष्ट मुदत आहे : माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत त्यांनी बाल कल्याण समितीला (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीला) आणि पॉक्सोचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायालयाला कळवले पाहिजे.

न कळवल्यास शिक्षा काय?

कलम २१ नुसार गुन्ह्याची माहिती न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संस्थेच्या किंवा कंपनीच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीने केलेल्या गुन्ह्याची माहिती दिली नाही, तर शिक्षा एक वर्षापर्यंत आणि दंड अशी आहे. संस्थेच्या नावाला बट्टा लागेल या भीतीने प्रकरण दाबणाऱ्यांसाठीच ही वाढीव शिक्षा आहे. मिळालेली माहिती नोंदवून न घेणारा पोलीस कर्मचारीही याच कलमाखाली येतो.

मी दिलेली माहिती पुढे खरी ठरली नाही, तर माझ्यावर खटला होईल का?

सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल कोणावरही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे कलम १९ च्या सातव्या पोटकलमात म्हटले आहे. आरोपी निर्दोष सुटला, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. कलम २२ मधील शिक्षा केवळ कोणाला अपमानित करण्यासाठी, धमकावण्यासाठी, बदनाम करण्यासाठी किंवा त्याच्याकडून पैसे उकळण्यासाठी जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यासाठी आहे. मुलाने खोटी माहिती दिली, तरी त्याला शिक्षा होत नाही.

१०९८ या क्रमांकावर फोन केला, तर पुरेसे आहे का?

१०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. ती दिवसरात्र सुरू असते आणि २०२३ पासून शासनाच्या यंत्रणेमार्फत चालवली जाते. घाबरलेल्या मुलाला धीर देण्यासाठी, रात्री-अपरात्री मदत पोहोचवण्यासाठी आणि पुढची वाट विचारण्यासाठी तिचा आधार जरूर घ्यावा. तातडीचा धोका असेल, तर ११२ वर फोन करावा. परंतु पॉक्सोखालील बंधन पोलिसांना माहिती देण्याचे असल्याने, १०९८ ला कळवल्यानंतरही पोलिसांकडे नोंद झाली का, हे स्वतः पाहावे. कायद्यानुसार प्रत्येक माहितीला क्रमांक देऊन ती लेखी नोंदवली जाते आणि माहिती देणाऱ्याला वाचून दाखवली जाते. तो क्रमांक विचारून लिहून ठेवावा.

डॉक्टर किंवा रुग्णालय म्हणून आधी उपचार करावेत, की आधी पोलिसांना बोलवावे?

आधी उपचार. पोलिसांचे पत्र किंवा न्यायालयाचा आदेश आणल्याशिवाय मुलाला तपासणार नाही, असे कोणतेही रुग्णालय म्हणू शकत नाही. २०२० च्या पॉक्सो नियमांत हे स्पष्ट लिहिले आहे. गुन्हा अद्याप नोंदवला गेला नसला, तरी कलम २७ नुसार वैद्यकीय तपासणी करता येते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, आणि ती पालकांच्या किंवा मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा व्यक्तीच्या उपस्थितीत होते. तसे कोणी नसेल, तर रुग्णालयाच्या प्रमुखांनी नेमलेल्या महिलेच्या उपस्थितीत ती व्हावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३९७ नुसार सरकारी आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांनी अशा पीडितांवर विनामूल्य उपचार करून पोलिसांना तत्काळ कळवायचे आहे. उपचार नाकारणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या बाबतीत डॉक्टरांचा गोंधळ उडतो. मुलगी आणि तिची आई दवाखान्यात येतात आणि पोलिसांचे नाव काढताच निघून जातात. त्यानंतर ती मुलगी कोणाच्या हाती सापडेल, याची कल्पनाही करवत नाही. ही अडचण ओळखून सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात मार्ग दाखवला. मुलगी आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास, नोंदणीकृत डॉक्टरने गर्भपाताच्या संदर्भात कलम १९ खाली पोलिसांना द्यायच्या माहितीत मुलीचे नाव व इतर वैयक्तिक तपशील उघड करण्याची गरज नाही. माहिती द्यायचीच आहे, परंतु नावाशिवाय देता येते. या सवलतीमुळे ज्या मुली रुग्णालयाच्या पायरीवरूनच परत गेल्या असत्या, त्या सुरक्षित उपचारापर्यंत पोहोचू शकतात. असे असूनही ही सवलत अनेक डॉक्टरांना अद्याप ठाऊक नाही. प्रत्येक प्रसूतितज्ज्ञाने ती लक्षात ठेवावी आणि कुटुंबाला आधीच सांगावी.

गरोदर मुलीचे लग्न झालेले असेल, तर?

तरीही माहिती देणे बंधनकारक आहे. अल्पवयीन पत्नीशी पतीने ठेवलेला शरीरसंबंध हा बलात्कारच ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सांगितले. आता भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही वयाची मर्यादा १८ वर्षेच आहे. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात नावनोंदणीसाठी आलेली १६ वर्षांची विवाहिता ही कायद्याच्या दृष्टीने संरक्षणास पात्र बालक आहे.

मराठवाड्यातील, विशेषतः बीडसारख्या ऊसतोड मजुरांच्या जिल्ह्यांत, हे प्रसंग नित्याचे आहेत. ऊसतोडीसाठी साखर कारखान्याला जाताना वयात आलेली मुलगी घरी एकटी ठेवता येत नाही, आणि ‘कोयत्या’साठी, म्हणजे ऊसतोडीच्या कामासाठी, नवराबायकोची जोडी लागते. या दोन्ही कारणांनी लग्ने लवकर लावली जातात. आशा सेविकेला आणि परिचारिकेला ही सारी कुटुंबे ओळखीची असतात. माहिती दिली तर मुलीचा नवरा तुरुंगात जाईल, आणि पुढच्या वेळी गावातील गरोदर मुली तपासणीला येणेच बंद करतील, ही त्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच लग्न होण्याआधी कळवणे अधिक हिताचे आहे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ खाली महाराष्ट्रातील गावांमध्ये ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. त्यांना, पोलिसांना किंवा १०९८ वर आधीच कळवले, तर दंडाधिकाऱ्यांकडून मनाई आदेश मिळवता येतो, आणि त्या आदेशाविरुद्ध लावलेले लग्न रद्दबातल ठरते. लग्नाला हजर राहणारे, लावणारे आणि ते रोखण्यात हयगय करणारे पालकही शिक्षेस पात्र ठरतात.

दोघेही १६-१७ वर्षांचे आहेत आणि संबंध परस्परसंमतीचे आहेत. मग कशाला कळवायचे?

आजच्या कायद्यात १८ वर्षांखालील संमतीला अर्थ नाही, त्यामुळे बंधन लागू होते. या तरतुदीमुळे किशोरवयीन मुले दवाखान्यात आणि समुपदेशकाकडे जायला घाबरतात. अनेक न्यायालयांनी ही चिंता व्यक्त केली आहे आणि ती रास्त आहे. कायदा बदलावा की नाही, यावर मतभेद असू शकतात. परंतु संबंध खरोखर संमतीचे आहेत, की त्यामागे धाक, आमिष किंवा वयातील मोठे अंतर आहे, हे दवाखान्याच्या टेबलावरून ठरवण्याचा अधिकार कायद्याने कोणाला दिलेला नाही. आपल्याला दिसलेली परिस्थिती, दोघांची वये आणि मुलीचे म्हणणे अहवालात प्रामाणिकपणे लिहावे. पुढे न्यायालयाला त्याचा उपयोग होतो.

लैंगिक अत्याचार नाही, परंतु मुलाला घरी बेदम मारले जाते किंवा उपाशी ठेवले जाते. हेही कळवणे बंधनकारक आहे का?

येथे कायदा पॉक्सोइतका ठाम नाही, आणि ही उणीव आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारहाण करणे, छळणे, टाकून देणे किंवा जाणीवपूर्वक त्याची हेळसांड करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. हे कृत्य बालगृहासारख्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने किंवा व्यवस्थापनाने केले, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु असा गुन्हा पाहणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे, अन्यथा शिक्षा होईल, अशी पॉक्सोसारखी सर्वसाधारण तरतूद या कायद्यात नाही.

सक्ती आहे ती सोडून दिलेल्या, हरवलेल्या किंवा निराधार मुलांच्या बाबतीत. कलम ३२ नुसार असे मूल ज्या व्यक्तीच्या, रुग्णालयाच्या, प्रसूतिगृहाच्या किंवा संस्थेच्या ताब्यात येते, तिने प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बालक मदतवाहिनीला, जवळच्या पोलीस ठाण्याला, बाल कल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवायचे असते, किंवा मूल नोंदणीकृत बालसंगोपन संस्थेकडे सोपवायचे असते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बसस्थानकावर सापडलेले बाळ ‘आम्हीच सांभाळतो’ म्हणून घरी नेणाऱ्या सज्जन कुटुंबालाही हे लागू आहे.

सक्ती नसली, तरी अधिकार आहे. मारहाण करणाऱ्या किंवा हेळसांड करणाऱ्या व्यक्तीसोबत राहणारे मूल हे कायद्याच्या व्याख्येत काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे, आणि त्याची हकिगत बाल कल्याण समितीपुढे कोणीही नेऊ शकतो. शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी घातली आहे. त्याबाबत शिक्षण विभागाकडे आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते. ज्या मुलाच्या पाठीवर वळ दिसतात, त्याच्याविषयी कळवायला कायद्याच्या सक्तीची वाट पाहू नये, असे आमचे ठाम मत आहे.

अत्याचार करणारा घरातलाच असेल, तर कळवल्याने मूल अधिक संकटात सापडणार नाही का?

ही भीती खरी असते. वडील, काका किंवा सावत्र वडील आरोपी असले की आई अनेकदा गप्प राहते, कारण घर त्यांच्या कमाईवर चालते. महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये माहिती देण्याविषयी निर्देश दिले. त्यात आरोपी कुटुंबातील असल्यास अधिक काळजी घ्यावी, आई किंवा घरातील इतर स्त्रियांशी सल्लामसलत करावी आणि मुलाचे हित सर्वोपरी मानावे, असे सांगितले. कायद्यातही तशी सोय आहे. आरोपी मुलासोबत एकाच घरात राहत असेल, तर पोलिसांनी २४ तासांत मूल बाल कल्याण समितीपुढे आणायचे असते. मुलाला घराबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवण्याची गरज आहे का, याचा निर्णय समिती तीन दिवसांत घेते. म्हणून अशा प्रकरणात माहिती देतानाच ‘आरोपी याच घरात राहतो’ हे पोलिसांना ठळकपणे सांगावे आणि समितीलाही स्वतंत्रपणे लेखी कळवावे.

मुलाने विश्वासाने सांगितले आणि ‘कोणाला सांगू नका’ अशी गळ घातली. समुपदेशकाने गोपनीयता पाळू नये का?

पॉक्सोच्या कलम १९ मध्ये समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला सूट नाही. त्यामुळे मुलाला सुरुवातीलाच खरे सांगणे हे आपले कर्तव्य ठरते. ‘तू सांगशील ते मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. त्याऐवजी, ‘तू जे सांगशील ते मी चारचौघांत बोलणार नाही, पण कोणी तुला त्रास देत असेल तर तो थांबवण्यासाठी मला काही मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल’ असे पहिल्याच भेटीत समजावून सांगावे. मूल बोलू लागले की त्याला मध्येच थांबवू नये आणि आश्चर्य किंवा घृणा चेहऱ्यावर दिसू देऊ नये. ‘हे तुझ्यामुळे झाले नाही’ हे वाक्य मात्र आवर्जून म्हणावे. त्यानंतर पुढे काय होईल, कोण येईल आणि आई सोबत असेल का, हे त्याच्या वयाला समजेल अशा भाषेत सांगावे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत, तारीख आणि वेळेसह लिहून ठेवावेत, कारण सभ्य भाषेत केलेले त्याचे भाषांतर पुरावा म्हणून दुबळे ठरते.

मुलाला न सांगता त्याच्या मागे पोलिसांना कळवले, तर ज्या एका मोठ्या माणसावर त्याने विश्वास टाकला, त्यानेच फसवले असे त्याला वाटते. कायदा आपल्याला बोलण्याची सक्ती करतो, परंतु मुलाला अंधारात ठेवण्याची सक्ती करत नाही.

पालकांच्या गटावर किंवा स्थानिक बातमीदाराला माहिती दिली, तर चालेल का?

मुळीच नाही. पॉक्सोच्या कलम २३ नुसार पीडित मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा किंवा परिसर, अशी ओळख पटेल अशी कोणतीही माहिती प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी आहे. संताप कितीही खरा असला, तरी व्हॉट्सॲपवर फिरणारा मुलाचा फोटो त्याला आयुष्यभर चिकटून राहतो. माहिती पोलिसांना द्यावी, गावाला नव्हे.

मोबाइलवर मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रफीत आली, तर काय करावे?

ती पुढे पाठवू नये, अगदी ‘सावध राहा’ असे लिहूनही पाठवू नये. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तत्काळ कळवावे. २०२० च्या नियमांनुसार ही जबाबदारी असे साहित्य मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीवर आहे. पॉक्सोचे कलम २० प्रसारमाध्यमे, हॉटेल, लॉज, रुग्णालये, क्लब आणि छायाचित्रण स्टुडिओ यांच्या कर्मचाऱ्यांवर हेच बंधन स्वतंत्रपणे टाकते. असे साहित्य पुढे पाठवण्याच्या हेतूने, नष्ट न करता आणि पोलिसांना न कळवता जवळ ठेवणेही गुन्हा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अधोरेखित केले. गोव्याने तर पॉक्सोच्या नऊ वर्षे आधी, गोवा बाल अधिनियम, २००३ मध्ये, छायाचित्रे धुणाऱ्या व्यावसायिकांना असे साहित्य दिसताच पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले होते.

पोलिसांनी नोंद घेतली नाही किंवा ‘आमच्या हद्दीत नाही’ असे सांगितले, तर?

हद्दीचे कारण चालत नाही. कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही तरतूद आहे, आणि प्रथम खबरेची प्रत फिर्यादीला विनामूल्य देणे बंधनकारक आहे. तरीही टाळाटाळ झाली, तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी अर्ज पाठवावा आणि पोच जपून ठेवावी. बाल कल्याण समितीला आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोगालाही त्याच दिवशी कळवावे. त्यानंतरही कार्यवाही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

कळवल्यानंतर मुलाला पोलीस ठाण्यात जावे लागते का?

नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. जबाबाच्या वेळी पालक किंवा विश्वासाची व्यक्ती सोबत असते, आणि मुलाची भाषा वेगळी असेल तर दुभाषी द्यावा लागतो. भिल्ली, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा हक्क आग्रहाने मागावा. बाल कल्याण समिती खटला संपेपर्यंत मुलाला सहाय्यक व्यक्ती, म्हणजे तपासात आणि खटल्यात सोबत राहून मदत करणारी व्यक्ती, देऊ शकते. न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागतो, म्हणूनच सहाय्यक व्यक्तीची मागणी सुरुवातीलाच करावी. महाराष्ट्रात अशा पीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेखाली अर्थसाहाय्यही मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी.

घटना लहानपणी घडली आणि आता मी सज्ञान आहे. आता तक्रार करता येते का?

करता येते. लहानपणी झालेल्या अत्याचाराची तक्रार मोठेपणीही करता येते आणि पॉक्सोखाली त्यासाठी वयाची अट नाही, असे केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केले. घटना १४ नोव्हेंबर २०१२ नंतरची असेल, तर पॉक्सो लागू होतो. त्याआधीची असेल, तर त्या वेळच्या भारतीय दंड संहितेखाली गुन्हा नोंदवला जातो. जुन्या घटनेचा पुरावा मिळणे कठीण असते, तरी त्या काळातील डायरी, दवाखान्याचे कागद किंवा तेव्हा ज्या मैत्रिणीला अथवा भावंडाला सांगितले होते त्यांची साक्ष उपयोगी पडते. तोच माणूस आजही शाळेत, क्रीडा प्रशिक्षणात किंवा नात्यातील मुलांच्या सहवासात असेल, तर ती गोष्ट तक्रारीत स्वतंत्रपणे लिहावी, म्हणजे पोलीस त्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी लगेच पावले उचलू शकतील.